लोंबीचं कुसळ

पुणे, २४ ऑक्टोबर २०२५

मामा,

आधी नमस्कार, मग भांडण. दिवाळीचा फराळ आणि भाताच्या लोंब्या एकाच खोक्यात घालायची कल्पना कुणाची? चिवड्यात भुसा आला आणि लोंब्यांना तेलाचा हात लागला. प्रयोगशाळेत सगळ्यांनी चिवडा निवडून निवडून खाल्ला, पण निम्म्या लोंब्या मला फेकाव्या लागल्या. रेल्वेच्या टपालगाडीत उभा जन्म पत्रांची वर्गवारी केलेला माणूस असं पार्सल बांधतो, हे मी इथे कुणाला सांगितलं नाही. घरची अब्रू आहे.

तुम्ही विचारलं होतंत, बुरशीवर संशोधन म्हणजे मी दिवसभर करते काय. बुरशी तर मामीच्या लोणच्याला फुकट येते. ऐका तर. भाताच्या एका लोंबीवर कितीतरी जातींच्या बुरश्या एकत्र नांदतात. त्यातली एक, तिकडे तिला हल्दिया म्हणतात, दाण्याच्या जागी हळदीच्या गोळ्या करून ठेवते. बाकीच्यांत काही गरीब, काही लबाड. त्यांच्यातलीच एखादी हल्दियाला आवर घालते का, हे मी शोधतेय. तशी सापडली तर शेतातलं विषारी फवारणं कमी होईल. सत्तावीस नोव्हेंबरला दिल्लीहून समिती येणार आहे आणि माझं काम पुढे चालवायचं की गुंडाळायचं, ते त्या दिवशी ठरणार आहे.

म्हणून कापणी संपायच्या आत दुसरा लॉट हवा. नवा रायपूरच्या बाजूच्या शेतांतला चालेल. रोगट आणि निरोगी लोंब्या वेगवेगळ्या पाकिटांत घाला, मी दिलेलं भिंग लावून नीट बघून. आणि यावेळी भुसा नको. एकेक लोंबी झटकून, फुंकून पाठवा.

मामीचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तिला फोटोत माझे पांढरे केस दिसायला लागलेत, म्हणजे ऑपरेशन फारच उत्तम झालं.

तुमची,
देवश्री


तात्यापारा, रायपूर, ३१ ऑक्टोबर २०२५

चि. देवू,

आशीर्वाद. त्यात मामीचाही वाटा आहे. भांडण पोचलं. खोकं मामीने भरलं होतं, मी फक्त दोरी बांधली. तेव्हा अब्रूचा हिशेब तिच्याशी कर.

तुझ्या कामासाठी इंद्रजीतच्या स्कूटरवर मागे बसून नवा रायपूरला जाऊन आलो. इंद्रजीत तुला आठवत असेल, माझ्याबरोबर टपालगाडीत होता, तू लहानपणी त्याला मिशीवाला काका म्हणायचीस. आता मिशी नाही, स्कूटर आहे. तिकडे एवढे रुंद रस्ते की पलीकडे जायचं तर जेवून निघावं. पण रस्ता संपला की भात उभा आहे. शेतकऱ्याला रोगाच्या लोंब्या मागितल्या तर तो हसायलाच लागला. "बीमारी वाले धान के का करबे, बाबूजी?" मी म्हटलं, भांजी इसीपर पढ़ती है. त्याला फार वाईट वाटलं असावं, कारण त्याने चांगल्याही लोंब्या मूठभर दिल्या.

लोंब्या झटकून, फुंकून ठेवल्या आहेत. पाकिटं दोन दिवसांत टाकतो. थोडा उशीर झाला. चिमण्यांसाठी दारावर भाताची झालर टांगतो ना, ती नीट करताना कुसळ डोळ्याला लागलं. जरा लाली आली होती, ती गेली. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, पण मामीला माझ्यातलं काही दिसलं नाही, मलाच आरशात शोधावं लागलं.

तुझ्या समितीला काय आवडतं ते कळव, चकल्या पाठवतो. वेगळ्या खोक्यात.

शालिग्राम मामा


पुणे, ७ नोव्हेंबर २०२५

मामा,

पाकिटं मिळाली आणि मी डोक्याला हात लावला. 'निरोगी' लिहिलेल्या पाकिटात हल्दियाच्या गोळ्या, चांगल्या वाटाण्याएवढ्या. 'रोगट' पाकिटात धडधडीत सोन्यासारख्या लोंब्या. एक पाकीट असतं तर चूक म्हटलं असतं, इथे तर सगळाच घोळ; रोगट-निरोगी एकमेकींना लागल्या की कुठली बुरशी मुळात कुठल्या लोंबीवर होती ते कळत नाही. भिंग लावलं होतं की ते अजून देवघराच्या खणातच आहे? तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत की पत्ता बघितल्याशिवाय पत्र कप्प्यात टाकायचं नाही. मग इथे काय झालं?

रागावू नका, पण माझा जीव टांगणीला लागलाय. समितीसमोर 'मामांनी पाकिटं बदलली' असं सांगता येत नाही. शेजारच्या खोलीतले भार्गव सर तर टपूनच बसलेत की माझी जागा त्यांच्या यंत्रांना कधी मिळते.

एकच विनंती. शेतं रिकामी व्हायच्या आत अजून थोड्या लोंब्या आणा, उजेडात बसा, भिंग लावा, आणि एकेक लोंबी डोळ्याजवळ घेऊन बघा. कंटाळा करू नका.

आणि अक्षराला काय झालंय? पाकिटांवरचा पत्ता उजवीकडे खाली घसरत गेलाय. पोस्टमन म्हणाला, "मॅडम, बसमध्ये बसून लिहिलंय वाटतं."

देवश्री


तात्यापारा, रायपूर, ११ नोव्हेंबर २०२५

चि. देवू,

पाकिटांची चूक माझी. घरात उजेड कमी आहे, समोर तीन मजली बांधकाम उठलंय. यावेळी अंगणात बसून बघतो. इंद्रजीतला बरोबर घेतो.

तुझं काम माझ्यामुळे अडणार नाही.

मामा


(त्याच पाकिटातली चिठ्ठी)

देवू,

पाकीट टाकायला यांनी मला पाठवलं. आजवर टपालपेटीपर्यंत स्वतः गेल्याशिवाय यांना चैन पडलं नाही, आज म्हणाले तूच जा. गोंद ओला होता, म्हणून उघडून ही चिठ्ठी आत सरकवते आहे. यांनी माझ्याकडून शपथ घेतली की फोनवर तुला काही सांगायचं नाही. लिहायचं नाही अशी शपथ काही मी घेतलेली नाही.

बाई, यांचा उजवा डोळा बरा नाही. डावा तर लहानपणापासून नावालाच आहे, तुला माहीत आहे. जो काही कारभार आहे तो उजव्यावरच. कुसळ लागलं तेव्हा नुसता लाल झाला होता. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हणाले, "येवढ्याशा कुसळाले डॉक्टर काहून?" मग मला माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब आठवले. अर्धी बाटली उरली होती, फ्रिजमध्ये जपून ठेवली होती. डोळ्याचंच औषध, ते काय फेकायचं? तेच सकाळ-संध्याकाळ टाकत गेले. आणि खरं सांगते, फार छान गुण आला. दोन दिवसांत लाली गेली, खुपणं थांबलं. मला माझंच कौतुक वाटलं. ती बाटली संपल्यावर यांनी गोल बाजारातल्या औषधाच्या दुकानात रिकामी बाटली दाखवून तसलीच दुसरी आणली.

पण आता काळ्या बुबुळावर तिळाएवढा पांढरा ठिपका आलाय आणि तो वाढतोय. उजेडात पाणी येतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी भिंग घेऊन अंगणात बसले, एकेक लोंबी नाकाशी धरून बघत होते आणि धोतराच्या सोग्याने डोळा पुसत होते. मला बघवलं नाही. मी थेंब दोनदाचे चारदा केले आहेत, तरी ठिपका जात नाही. अजून वाढवू का?

आणि हे सांगतात त्या झालरीचं मला कळलं नाही. यंदा आपण झालर आणलीच नव्हती.

मामी


पुणे, १४ नोव्हेंबर २०२५

मामी,

ती बाटली आत्ता, हे वाचताक्षणी फेकून दे. वाढवायची तर नाहीच, एक थेंबही आता जाता कामा नये.

मामा माझा फोन कापतायत आणि तुझा लागत नाही. म्हणून या पत्राचा फोटो शेजारच्या सुनीतीताईंच्या मोबाइलवर पाठवतेय. सुनीतीताई, हातातलं काम टाकून जा आणि हे दोघांना मोठ्याने वाचून दाखवा. मामांनी दार लावलं तर दाराबाहेरून वाचा.

मामी, तुला ते थेंब दिले होते ऑपरेशननंतरची सूज उतरायला. ते लाली घालवतात ती डोळ्याची स्वतःची राखण झोपवून. तुझ्या डोळ्यात चोर नव्हता, म्हणून राखणदार झोपला तरी चाललं. मामांच्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलंय, आणि भाताच्या कुसळावर काय काय असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? बुरशी आत बसली असेल तर तुझ्या थेंबांनी तिला रान मोकळं करून दिलंय. म्हणूनच बरं वाटत होतं. लढणारंच कुणी नव्हतं तर लाल कशाला होईल? कापणीच्या दिवसांत अशाने डोळे जातात, मामी. मी हे वर्गात शिकवते, आणि माझ्याच घरात हे चाललं होतं.

आजच मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात जा, जिथे बुबुळाचे डॉक्टर असतील तिथे. तिथे दोनच गोष्टी सांगायच्या: भाताचं कुसळ लागलं, आणि नंतर हे थेंब टाकले. लाजून काही लपवू नका. ठिपक्यावरचं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. नुसतं बघून औषध दिलं तर घेऊ नका.

मामा, तुम्ही ऐकत असालच. मी तुम्हाला भिंग लावा म्हणाले. एकेक लोंबी डोळ्याजवळ धरा म्हणाले. कंटाळा करू नका म्हणाले. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मला तुमचा फार राग आलाय.

जा. मग भांडू.

देवश्री


तात्यापारा, रायपूर, १७ नोव्हेंबर २०२५

देवू,

यांच्या समोर बसूनच लिहिते आहे. आता चोरून लिहायचं कारण उरलं नाही.

सुनीतीने तुझं पत्र खरंच दाराबाहेरून वाचलं. दोनदा वाचलं. मग हे बाहेर आले आणि चप्पल घातली. इंद्रजीतभाऊंनी रिक्षा आणली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात हलका आहे. डोळा सुन्न करून पांढऱ्यावरचं खरवडलं, काचेवर घेऊन आत गेल्या. बाहेर आल्या तर चेहराच सांगत होता. तुझ्या त्या बुरशीचे धागे दिसले. "ये ड्रॉप किसने दिया था, बाबूजी?" हे छताकडे बघत बसले. मी म्हटलं, मी दिला. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. यांना म्हणाल्या, "आपने तो फंगस को घर बुलाके दावत दे दी."

मग विचारलं, चोट कैसे लगी. हे म्हणाले, झालर से. माझा तोल गेला. मी तिथेच म्हटलं, "कोणती झालर? दिवाळीच्या बाजाराचं तोंड तरी पाहिलं का यंदा तुम्ही! झालर आणलीच कुठं?" तेव्हा कुठे तोंड उघडलं. म्हणाले, "लोंब्या झटकून राहिलो होतो. फुंकर मारली, अन् कुसळ उडून सरळ डोळ्यात. देवूले सांगशील तर माझ्याशी गाठ हाय."

म्हणून सांगते आहे.

आता दर तासाला थेंब टाकायचे आहेत, डोळा मिटून राहायचं आहे. ठिपका मधोमध आलाय आणि खोल किती गेलाय ते आठवड्याने कळेल. भोक पडलं तर डोळाच काढावा लागेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मी बाईंना तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. यांनीच माझा दंड धरला.

तू येतेस म्हणालीस हे सुनीतीने सांगितलं. यांचा हट्ट ऐक: "पोट्टी समिती सोडून इथं आली तर मी डोळ्यात एक थेंब टाकू देणार नाही. मले बी शपथ घेता येते." आणि हे करतील तसं, तू ओळखतेस. मी काय करू ते तूच सांग.

माझ्यामुळे झालं हे. फ्रिज उघडला की आधी ती रिकामी जागाच दिसते.

मामी


पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

मामा,

मामी म्हणते तिच्यामुळे झालं. तिला सांगा की माझं चोवीस ऑक्टोबरचं पत्र काढ आणि वाच. 'एकेक लोंबी झटकून, फुंकून पाठवा.' बुरशीने भरलेल्या लोंब्या! माझ्या हाताखालच्या मुलींना मी चष्म्याशिवाय आणि नाका-तोंडावर पट्टी बांधल्याशिवाय त्यांना हात लावू देत नाही. तुम्हाला मी काय म्हटलं, तर फुंका. मला फक्त भुसा नको होता. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात तरी जाणार नाही. आई गेल्यावर मला तुमच्या घरी आणलंत तेव्हापासून तुम्ही माझ्यापासून काही ना काही लपवत आलात, फीचं, आजारपणाचं. आता पुरे.

एक गोष्ट आशेची आहे, ती नीट ऐका. तुम्ही पाठवलेल्या त्याच लॉटमधल्या लोंब्यांवरून मी बुरश्या वाढवल्या होत्या. त्यातली एक गुलाबी-पांढरी, कापसासारखी, फ्युजेरियम नावाची. डॉक्टरीणबाईंशी मी बोलले, तुमच्या डोळ्यातलीही त्याच घराण्यातली निघाली. तीच ही, असं शपथेवर सांगता येणार नाही, पण भाऊबंद नक्की. मी काचेच्या बशीत ती पसरली आणि मधोमध तुमचं औषध ठेवलं. दोन दिवसांनी बघते तर औषधाभोवती स्वच्छ गोल कडं! एक धागा आत आलेला नाही. मी प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने रडले. भार्गव सर धावत आले, त्यांना वाटलं यंत्राला आग लागली.

म्हणजे औषध बरोबर आहे. टाकत राहा. एकही तास चुकवू नका.

नव्या लोंब्या आता नकोत, आहेत त्यांवरच भागवते; मी समिती झाल्यावर येते. तुम्ही शपथ घातलीत आणि मी ऐकलं. खरं सांगायचं तर ऐकायला मला बरंही वाटलं, कारण हे काम बुडेल या भीतीने मी अर्धी इथेच बांधलेली होते. तेही तुम्हाला माहीत असावं.

देवू


तात्यापारा, रायपूर, १ डिसेंबर २०२५

चि. देवू,

अक्षर सुनीतीचं आहे, शब्द माझे. बाईंनी डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हटलंय, एवढंच कारण.

समितीने काम पुढे चालू ठेवलं हे तुझ्या फोनवर ऐकलं आणि मामीने शिरा केला. इंद्रजीतने दोनदा मागून घेतला. तुझ्या बशीतलं कडं खरं निघालं. लाली गेली, दुखणं गेलं, भोक पडायचा धोका टळला असं बाई म्हणाल्या. आता सगळं झकास आहे. सकाळी खिडकीत बसतो, समोरच्या कडुनिंबावर पोपटांचा थवा उतरतो तो बघतो. परवा पेपरातली मोठी अक्षरंही लागली. दाढी माझी मीच करतो.

तेव्हा धावत यायचं कारण नाही. रजा साठव. संक्रांतीला ये, तोपर्यंत मी तुला स्टेशनावर घ्यायला येण्याइतका तयार होतो. तुझ्या त्या भार्गव सरांना म्हणावं, यंत्र दुसरीकडे ठेवा, आमच्या पोरीला जागा लागते.

मामीने तिच्या सगळ्या जुन्या औषधांची पिशवी कचऱ्याच्या गाडीत टाकली. त्यात माझं पायाचं मलमही गेलं. तिला आता बाटली दिसली की धडकी भरते.

मनाला लावून घेऊ नकोस.

शालिग्राम मामा


पुणे, ५ डिसेंबर २०२५

मामा,

पत्र आलं आणि मी दिवसभर हवेत होते. भेटेल त्याला सांगितलं की मामांना दिसतं. प्रयोगशाळेतल्या मुलींना पेढे दिले.

संध्याकाळी पुन्हा वाचलं.

समोरचा कडुनिंब मे महिन्यातच पाडला ना? तिथे आता ते तीन मजली बांधकाम उभं आहे, तुम्हीच लिहिलं होतंत. झाड पडलं तेव्हा चार पानांचं पत्र आलं होतं तुमचं, आणि शेवटचं पान ओलं होऊन चिकटलेलं होतं. सुनीतीताई त्याच गल्लीत राहतात. त्यांनी ते वाक्य तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. त्यांनी ते मला कळावं म्हणूनच लिहिलं असणार.

मग मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पेशंटने सांगितल्याशिवाय मी जास्त बोलू शकत नाही, पण तुम्ही या विषयातल्या आहात, बशी आणि डोळा यातला फरक तुम्हाला सांगायला नको. मला कळायला हवं होतं. बशीत औषध बुरशीच्या शेजारी ठेवलेलं असतं. डोळ्यात त्याला आत झिरपावं लागतं, आणि त्या थेंबांच्या दिवसांत ती किती खोल गेली हे माझ्या कड्याला काय माहीत? मी ते कडं समितीला दाखवलं आणि टाळ्या घेतल्या.

मामा, एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा. वाकडी चालेल, खोटीही चालेल. पण तुमच्या हातची हवी.

देवू


रायपूर, १२ डिसेंबर

देवू,

ओळीखाली मामीनं पट्टी धरली आहे. शुद्धलेखन पाहता येत नाही म्हणून बोलतो तसं लिहून राहिलो.

मले दिसत नाही.

बुरशी मेली. डोळा राहिला, काढावा लागला नाही, ते बी पुष्कळ हाय म्हणतात. पण बुबुळ पूर्ण पांढरं झालं. सहा महिने थांबायचं, बुरशीचा मागमूस नाही याची खात्री झाली की कोणाचं दान आलेलं बुबुळ बसवून पाहतील. नंबर लागला तर. बसलं तर. बाई खोटी आशा देत नाही, म्हणून मले आवडते.

डाव्या डोळ्यानं खिडकी कुठं हाय ते समजते. मामी समोरून गेली तर सावली समजते. कडुनिंब मी नाही पाहिला, आठवला. आठवून सांगितलं की दिसते असंच वाटते. सुनीती लिहिता लिहिता थांबली होती, मी म्हटलं लिही.

तुले सांगितलं नाही, काहून की तू रडशील अन् काम सोडशील असं वाटलं. हे बी खोटंच. खरं असं की मले भेव वाटलं. मी सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. पत्ता वाचता येत नाही असा माणूस मी कधी नव्हतो देवू. रात्रंदिवस गाडी हालत राहायची अन् मी कोणाचंबी कसंबी अक्षर वाचायचो. आता ही ओळ मागच्या ओळीवर चढली का ते मामीले विचारावं लागते.

तुझ्यावर माझा राग नाही. मामीवर बी नाही. ते तिले तू सांग, माझं ती ऐकत नाही, नुसती भांडे घासत राहते.

ये म्हणून मी तुले कधी म्हटलं नाही. तू आपल्या पायानं यावं असं वाटायचं. आज म्हणतो. संक्रांतीची वाट पाहू नको. आता ये.

मी स्टेशनावर येईन. इंद्रजीत हात धरून आणेल. तू उतरलेली मले दिसणार नाही. तूच मले पाहून आवाज दे.

मामा